आधी हाताला विचारा

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत वाणाबरोबर एक रंगीत पत्रक हाती पडलं. मथळा होता, ‘नखं पाहा, आजार ओळखा’. खाली नखांची छायाचित्रं आणि प्रत्येकाखाली एका ओळीत निदान. पांढरे ठिपके: कॅल्शियम कमी. पिवळं नख: लिव्हर बिघडलं. हिरवट, काळपट किंवा सुटलेलं नख: बुरशी. उभ्या रेघा: पचन खराब. नख तुटतंय: बायोटिन हवं. मागच्या बाजूला गोळ्यांच्या डब्या आणि सवलतीचं कूपन. हॉलमधल्या बायका पत्रक धरून आपापली बोटं उजेडाकडे करून पाहू लागल्या. कुणाला ठिपका सापडला, कुणाला रेघ. काहीच सापडलं नाही अशी एकही नव्हती, कारण त्या पत्रकात जे लिहिलं होतं ते चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक हातांवर थोडंफार असतंच.

पत्रक कुणी छापलं ते मी लिहीत नाही. हाच मजकूर मला फोनवर, दवाखान्याच्या बाकावर, औषधाच्या दुकानात आणि लग्नाच्या पंगतीत वर्षानुवर्षं ऐकू आलेला आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नखाचे तुकडे आणि नखाखालचा भुगा बुरशीसाठी तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण आलेल्या माणसाचा हात मी रोज हातात धरते, आणि त्या अधिकारानेच म्हणते की हे पत्रक चुकीचं आहे आणि त्याने माणसांचं नुकसान होतं.

आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही ते पत्रक मिळालं होतं. दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. कनवटीला बांधून आणलेली कॅल्शियमची पट्टी आणि बुरशीच्या मलमाची ट्यूब त्यांनी ओट्यावर ठेवली. “ताई, बरोबर आणलं का बघा. दुकानातल्याने कागद बघूनच दिलं.” मी म्हटलं, “मावशी, औषध राहू द्या, आधी हात दाखवा.”

मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या नखावर दोन पांढरे ठिपके होते, मोहरीएवढे. उजव्या अंगठ्याचं नख टोकाकडून निम्मं सुटलं होतं आणि सुटलेल्या भागाखाली शेवाळासारखी हिरवट छटा होती. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्या पुतणीचं लग्न झालं, तेव्हा लावलेली मेंदी तळहातावरून कधीच उडून गेली होती, पण नखांवर होती. मेंदी कातडीवरून आठ-पंधरा दिवसांत जाते, नखावरून जात नाही. नखाबरोबर पुढे सरकत राहते. त्या दिवशी मावशींच्या नखांच्या मुळाशी साधारण सहा मिलिमीटर कोरं नख होतं आणि त्यापुढे केशरी. लग्नाला दोन महिने झाले होते. हाताचं नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे हिशोब चोख जुळत होता.

आणि दोन्ही ठिपके बरोबर त्या केशरी सीमेवर होते.

नख नखाच्या मुळात तयार होतं. हे मूळ नखामागच्या कातडीखाली झाकलेलं असतं. अंगठ्यावर जी पांढुरकी चंद्रकोर दिसते ती या मुळाचीच बाहेर डोकावणारी कड. मुळातल्या पेशी सतत नव्या होतात, आतलं केंद्रक गमावतात, चपट्या होतात, केराटिनने भरतात आणि पुढे ढकलल्या जातात. मुळाला कुठे ठोसा, दाब, टोचणी लागली की त्या जागच्या काही पेशी अर्धवट कच्च्या राहतात. त्यांच्यातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून तिथे पांढरं दिसतं. पण हे घडतं कातडीच्या आड. ठिपका बाहेर यायला काही आठवडे जातात आणि तोवर लागलेलं विसरूनही गेलेलं असतं. मावशींचे ठिपके लग्नाच्या दिवसांत कातडीखालून बाहेर आले. म्हणजे घाव त्याआधी काही आठवड्यांचा. मी विचारलं, “दिवाळीच्या आधी काय काय केलंत?” त्या म्हणाल्या, “काय नाही केलं? दोन घरचे माळे काढले, डबे घासले, आणि चकलीच्या ऑर्डरी होत्या. सोऱ्या दाबून दाबून बोटं बधिर झालेली.” सोऱ्याची मूठ नेमकी कोणत्या बोटांवर येते ते त्यांनी हवेतच दाखवलं. हीच ती दोन बोटं. ठिपक्यांचं कारण सोऱ्याच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ठिपक्याचं वय मोजता येतं, आणि त्या वयाला हात काय करत होते हे विचारता येतं. हा प्रश्न पत्रकात कुठेच नाही.

कॅल्शियमचं म्हणाल तर नखात ते शेकडा एकाहूनही खूप कमी असतं. नखाचा कडकपणा केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. गाईचं खूर आणि शिंग ज्या कुळीचं, त्याच कुळीचं आपलं नख. हाडाशी त्याचं नातं नाही. ‘हाडं कडक, नखं कडक, म्हणून दोन्हींत कॅल्शियम’ ही समजूत ऐकायला पटते, पण तिच्या तळाशी काही नाही. रक्तातलं कॅल्शियम खरोखर घसरलं तर बोटांत आणि तोंडाभोवती मुंग्या येतात, स्नायू वळतात, पेटके येतात. अंगभर फिरणाऱ्या रक्तात काही कमी पडलं असतं तर ते दहाही नखांच्या मुळांना एकाच वेळी कमी पडलं असतं. मग ठिपके दोनच बोटांवर का आले?

लहानपणी संध्याकाळी बगळ्यांची रांग डोक्यावरून गेली की आम्ही दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत त्यांच्याकडे फुलं मागायचो. काही दिवसांनी नखावर पांढरं दिसलं की ते बगळ्यांनी दिलेलं. मुलांच्या नखांवर असे ठिपके जास्त दिसतात कारण मुलं आपटतात, धडपडतात, नखं कुरतडतात. तेव्हा आम्ही त्याला फूल म्हणत होतो. त्याच ठिपक्याला आज रोग म्हणतात आणि आया शाळकरी मुलांना गोळ्या चघळायला देतात.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, “पण आम्ही दोन महिने कॅल्शियम घेतलं आणि ठिपके गेले.” जाणारच होते. नख पुढे सरकतं, ठिपका टोकाला येतो, नेलकटरने कापला जातो. पाच-सहा महिन्यांत हाताचं अख्खं नख बदलतं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुळाशी कानशीने एक खूण केली आणि ती टोकाला कधी पोचते याची पस्तीस वर्षं नोंद ठेवली. १९८० साली ती छापली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. या माणसाच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. नखाबद्दल काही बोलायचं तर इतका धीर लागतो. जे औषध घेतलं तरी आणि न घेतलं तरी ठिपका तेवढ्याच दिवसांत जाणार, त्या औषधाला श्रेय देता येत नाही.

‘घेतलं तर बिघडलं काय?’ हा पुढचा प्रश्न. बिघडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. आपल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. दोन्ही एकत्र घेतली तर लोह कमी शोषलं जातं, म्हणूनच गरोदर बाईला या दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात. मावशींना आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्या दोन्ही गोळ्या रात्री जेवल्यावर एकदमच घेणार होत्या. दोन निरुपद्रवी ठिपक्यांसाठी त्यांचं लागू पडणारं औषध वाया गेलं असतं.

आता त्यांचा अंगठा. माझा जीव खरा इथे तुटतो, आणि पत्रकाचा अपराधही इथेच मोठा आहे.

सुटलेलं किंवा रंग बदललेलं नख म्हणजे बुरशी, हे पत्रकाने इतक्या ठामपणे लिहिलं आहे की तपासायची गरजच कुणाला वाटू नये. बुरशी होते, भरपूर होते. नखाच्या तक्रारींत सुमारे निम्म्या तिच्या असतात असं मानलं जातं, त्यातही पायाच्या नखांत जास्त. पण म्हणजे उरलेल्या निम्म्या तिच्या नसतात. सोरायसिसमध्ये नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे पडतात, नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग दिसतो, नख सुटतं. लायकेन प्लॅनस नावाच्या आजारात नखाचं मूळच व्रणाने भरून येतं आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर तिथे पुन्हा कधी नख येत नाही. दोन्हींना लोक महिनोन्महिने बुरशीचं मलम लावत बसतात.

तपासणी साधी असते. सुटलेलं नख कापायचं, त्याखालचा भुगा जितक्या आतून मिळेल तितक्या आतून खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा. नखाचा भुगा चिवट, विरघळायला तास-तास लागतात, कधी रात्रभर ठेवावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली केराटिनचा धूसर पडदा दिसतो आणि बुरशी असेल तर त्यातून फांद्या फुटलेले बारीक धागे जाताना दिसतात, बांबूसारखी पेरं असलेले. ते दिसले की शंका राहत नाही. दिसले नाहीत तर बुरशी नाहीच असं मात्र लगेच म्हणता येत नाही. नमुना उथळ घेतला गेला असेल, आधी मलम चोपडलेलं असेल. पुन्हा घ्यावा लागतो, कल्चरला लावावा लागतो. दुकानातून मलम नेऊन दोन महिने लावलं आणि मग तपासायला आले, असे लोक माझ्यासमोर आले की वाईट वाटतं, कारण त्यांच्या नखातून उत्तर मिळणं त्यांनीच अवघड करून ठेवलेलं असतं. बुरशीवरच्या पोटातून घ्यायच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात आणि काही माणसांना त्या घेताना यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात. असं औषध कागदावरच्या चित्राशी बोट जुळवून सुरू करायचं नसतं.

मावशींच्या अंगठ्याखालच्या भुग्यात धागे नव्हते. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा तो हिरवा रंग स्यूडोमोनस नावाच्या जंतूचा निघाला. हा जंतू ओलाव्यात वाढतो आणि स्वतःच हिरवं रंगद्रव्य तयार करतो. बुरशीच्या मलमाने तो मरत नाही. पण जंतू नंतर आला. आधी नख सुटलं, त्या फटीत पाणी साचलं, मग जंतू राहायला आला. नख का सुटलं? मावशी दिवसाला दोन घरची भांडी घासतात, कणीक मळतात, फरशी पुसतात. पाण्यात नख फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसात वीस वेळा हे झालं की नखाचे थर उकलतात. साबण आणि भांड्यांची पावडर नखाभोवतीची ती बारीक कातडीची कड खाऊन टाकते जी नख आणि बोट यांच्यामधली फट बंद ठेवते. ती कड गेली की पाणी थेट मुळापर्यंत जातं, बोटाची कड लाल होते, सुजते, दाबली की ठणकते, महिनोन्महिने बरी होत नाही. मुळाशी सूज म्हणून पुढे येणारं नखही वेडंवाकडं, आडव्या वळ्यांचं, मळकट रंगाचं.

हे हॉटेलात भांडी घासणाऱ्या पोरांना होतं. ससून डॉकवर बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलणाऱ्या बायकांना होतं, त्यात कोळंबीचे काटे टोचतात ते वेगळंच. वेंगुर्ला-मालवणकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातला चीक लागतो, तो कातडी जाळतो, बोटं आणि नखं काळी पडतात. राख किंवा खोबरेल चोळून त्या वेळ भागवतात. यांच्यापैकी कुणाच्या नखाचं उत्तर गोळीत आहे? पत्रक बदललेल्या नखाखाली ‘कमी’ लिहितं. बाईच्या अंगात काहीतरी कमी, तिचं खाणं कमी, तिची स्वतःकडे बघण्याची हौस कमी. पाणी, पावडर, चीक, बर्फ, सोऱ्या यांचं नाव नाही. काम देणारा मोकळा सुटतो आणि जिचं नख गेलं तिच्याच खिशातून पैसे जातात. कापडी अस्तरावर घातलेले रबरी हातमोजे, काम झालं की कोरडा पंचा, आणि सुटलेला भाग डॉक्टरांकडून नीट कापून घेणं, या गोष्टी त्या गोळ्यांच्या डबीहून स्वस्त आहेत.

नखुर्ड्याचंही तसंच. बोटाच्या कडेला पू धरला, रात्रभर ठणकलं, की बोटावर लिंबाची टोपी चढवायची, हा घराघरातला उपाय. लिंबाच्या आंबटाने फाटलेली कातडी आणखी जळते आणि आतला पू आतच राहतो. सुरुवातीला कोमट पाण्याचा शेक पुरतो. पू दिसू लागला की तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. मधुमेह असलेल्या माणसाने तर एक दिवसही थांबू नये.

पिवळ्या नखाला लिव्हर चिकटवणं हे मला सगळ्यात अविचारी वाटलं. हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये जिच्या बोटाला हळद लागलेली नाही अशी बाई शोधून सापडणार नाही. हळद नखात मुरते. गडद नेलपॉलिश खाली पारदर्शक थर न लावता महिनोन्महिने लावलं तरी नख पिवळं पडतं, विडी-सिगारेटने पडतं. काविळीची शंका असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा असतो, नख नाही. उभ्या रेघाही वयाबरोबर येतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या.

पार्लरमध्ये नखाची जी हानी होते ती तर पत्रकात यायलाच हवी होती, कारण ते पत्रक वाचणाऱ्या निम्म्या मुली जेल पॉलिश लावून आलेल्या होत्या. नखाभोवतीची कातडी मागे ढकलून कापतात, म्हणजे वर सांगितलेली तीच कड स्वतःहून उघडी करतात. जेल काढताना नख खरवडून पापुद्र्यासारखं पातळ करतात. जेल आणि अॅक्रिलिकच्या नखांतल्या रसायनांची अॅलर्जी एकदा बसली की ती सहसा जन्मभर राहते, आणि त्याच कुळीची रसायनं दाताच्या भरणात आणि सांधा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्ये असतात.

बायोटिनबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या टेबलावरची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला की जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांचे आकडे बिघडवतं, हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन चाचणीसुद्धा. थायरॉइडच्या चाचण्याही यातून सुटत नाहीत. रक्त द्यायला आलेल्या बायकांना मी विचारते, “काही औषध चालू आहे का?” त्या “नाही” म्हणतात, कारण केस-नखांच्या गोळ्या त्यांच्या लेखी औषध नसतात. रोजच्या जेवणातून बायोटिन पुरेसं मिळतं, त्याची खरी कमतरता फार क्वचित आढळते.

मला कुणी म्हणेल की डॉक्टरही नखं बघतातच की. बघतात, आणि बघायलाच हवीत. बोटांची टोकं फुगीर होऊन नख पोपटाच्या चोचीसारखं वळणं ही खूण हिपोक्रॅटिसच्या काळापासून माहीत आहे आणि ती फुप्फुसाच्या, हृदयाच्या मोठ्या आजारात दिसते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये तिची एक सोपी परीक्षा सांगितली, तीही स्वतःच्या आजारपणात स्वतःच्या बोटांवर पाहून. दोन हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरली की मधे चौकटच्या आकाराची बारीक फट दिसते. बोटं फुगली असतील तर ती फट नाहीशी होते. मोठा ताप, मोठं आजारपण येऊन गेलं की दोन्ही हातांच्या नखांवर एकाच अंतरावर आडवी चर पडते. फ्रान्सच्या बो यांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लहान मुलांना तोंड-हात-पाय यांवर पुरळ येणारा विषाणूचा ताप येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी नखंच गळून पडतात, आईबाप घाबरून जातात, आणि खालून नवी नखं येतात. यकृताच्या सिरॉसिसमध्ये जवळजवळ अख्खं नख पांढरट होतं आणि टोकाला फक्त अरुंद तांबूस पट्टा उरतो. पण ती पांढरी छटा नखात नसते, नखाखालच्या गादीत असते. रक्तातलं अल्ब्युमिन घसरलं की आडवे पांढरे पट्टे दिसतात तेही गादीतलेच. नख दाबलं की पुसट होतात आणि नख वाढलं तरी जागचे हलत नाहीत. बी-१२ फार कमी झालं तर आपल्यासारख्या सावळ्या कातडीत बोटांचे सांधे आणि नखं काळपट होतात.

नीट पाहिलं तर या प्रत्येक खुणेत एक गोष्ट समान आहे. आतला आजार सहसा अनेक नखांवर, दोन्ही हातांवर, सारख्या तऱ्हेने उमटतो. बाहेरचा घाव एका-दोन बोटांवर. डॉक्टर नख बघतात तेव्हा पापणी, जीभ, पाय, धाप, औषधं, काम, सगळं विचारतात. पत्रक एका बोटाचा एक फोटो दाखवून गोळी विकतं. लोह फार कमी झालं की नख चमच्यासारखं खोलगट होतं हे पत्रकात बरोबर छापलं आहे, पण नख चमच्यासारखं होईपर्यंत वाट कशाला बघायची? हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

आणि ज्याला खरंच घाबरायला हवं ते त्या कागदावर नव्हतं. नखात मुळापासून टोकापर्यंत जाणारी काळी किंवा तपकिरी उभी रेघ. आपल्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा पुष्कळांना असतात, बहुतेकदा एकाहून अधिक नखांवर, आणि त्या निरुपद्रवी असतात. केमोथेरपीनेही येतात. पण मोठ्या वयात एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली, तिचा रंग नखामागच्या कातडीत उतरला, तर तो नखाच्या मुळातला कर्करोग असू शकतो. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तोच निघाला. आधी ती फुटबॉलची जखम समजली गेली होती. १९८१ मध्ये तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. चेंगरून साकळलेलं रक्तही काळं दिसतं, पण ते नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. डाग पुढे सरकत नसेल तर मलम लावत बसू नये, त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

चेंगरण्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. मुलाचं बोट दारात सापडतं, कामगाराचं प्रेस मशीनखाली. नख उखडतं, चुना-हळद भरून पट्टी बांधतात. नखाखालची गादी फाटली असेल तर ती लगेच, बारीक टाक्यांनी शिवून घ्यावी लागते. नाहीतर तिथून पुढे नख दुभंगलेलंच येतं किंवा गादीला चिकटतच नाही. खाली हाड मोडलेलंही असू शकतं. रक्त साकळून ठणका लागला की घरी सुई तापवून भोक पाडतात, ते करू नका. उखडलेलं नख धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बरोबर न्या. तेच पुन्हा गादीवर बसवून झाकण म्हणून वापरता येतं.

नखाने खाण्याकडे बोट दाखवलं असंही आपल्याच राज्यात अलीकडे घडलं. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळून टकली होऊ लागली. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव बातम्यांत फिरलं; पाणी, शाम्पू, बुरशी, सगळ्यांवर संशय गेला. काही महिन्यांनी तिथल्याच लोकांची नखं विद्रूप होऊन गळू लागली. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेऊन रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं गळतात हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक आहे. चीनच्या एन्शी भागात १९६०च्या दशकात गावंच्या गावं यातून गेली. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात चुकून लेबलावरच्या दोनशे पट सेलेनियम पडलं आणि २०१ लोक आजारी पडले; त्यांचेही केस गळले, नखं खराब झाली. नख बिघडलं म्हणजे काहीतरी कमी पडलं, हे गृहीतच इथे उलटं ठरतं. सोसायटीतल्या त्या पत्रकावरच्या एका डबीच्या घटकांत सेलेनियम आहे. योग्य मात्रेत ते विष नाही, मान्य. पण गळणाऱ्या नखांवर उपाय म्हणून शेगावच्या एखाद्या बाईने तीच डबी घेतली असती तर?

मावशींनी कॅल्शियमची पट्टी दुकानात परत केली. लोहाची गोळी चालू ठेवली. पाडव्यानंतरच्या आठवड्यात त्या आमच्या जिन्यात बसून नखं कापत होत्या, तेव्हा मला थांबवून दाखवलं: मेंदीची शेवटची केशरी कड आणि तिला चिकटून आलेला पांढरा ठिपका, दोन्ही कागदावर कापून पडलेले. अंगठ्याचं नख अजून अर्ध्यावरच धरलं आहे. हिरवं गेलं, पण पुढचा भाग भरायला पावसाळा उजाडेल. भांड्यांच्या एका घराने हातमोजे आणून दिले आहेत. दुसऱ्या घरी मागायला मावशींना संकोच वाटतो, म्हणून रविवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.